जुनी गाडी अख्खी विकावी की सुटे भाग काढून? असं ठरवा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या गाडीबद्दल कोणीतरी सल्ला देतंच: "अख्खी दिली तर कवडीमोल जाईल, पार्ट काढून विका, दुप्पट पैसे येतील." सुट्या भागांमध्ये पैसा आहे, यात शंका नाही. पण तो मिळतो जागा, हत्यारं, ओळखीची गिऱ्हाइकं आणि थांबायची तयारी असलेल्याला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडे हे सगळं असतं, आपल्याकडे बहुधा नसतं. म्हणून निर्णय पक्का होईपर्यंत गाडीचा एकही नट सैल करू नका. अर्धी उघडलेली गाडी धड चालू गाडी म्हणून विकली जात नाही आणि भंगारातही तिला पूर्ण भाव मिळत नाही.

पायरी 1: आधी आरसी (नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड) बाहेर काढा

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. दिल्लीत 10 वर्षांच्या डिझेल आणि 15 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्या बातम्यांचा आधार घेऊन आपल्याकडचे काही एजंटही "आता ही रस्त्यावर चालणारच नाही" असं सांगून भाव पाडतात. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. पासिंग होत असेल तर गाडी चालते.

खर्च मात्र वाढला आहे. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या गाडीसाठी 10,000. त्यात राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी, एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट आणि पासिंगसाठी करावं लागणारं डेंटिंग-पेंटिंग मिळवा. नोंदणीची दोन-तीन वर्षं शिल्लक असतील तर गाडी अख्खी विकण्याकडे तिथेच पारडं झुकतं, कारण हा सगळा खर्च घेणाऱ्याला लगेच करावा लागत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र आणून तो आधी उतरवा. कर्ज फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहिलेली असते, असं फार वेळा होतं. थकलेली चलनंही याच वेळी भरून टाका.

पायरी 2: नेमकं काय बिघडलंय ते पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेकांना वाटतं की इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली. खरं तर उलट आहे. इंजिन दमलंय, ऑइल खातंय, निळा धूर सोडतंय, पण बॉडी ठणठणीत आहे, अशी गाडी गॅरेजवाले अख्खी घेतात. त्यांच्याकडे दुसरं इंजिन असतं किंवा स्वस्तात मिळतं, आणि मजुरी घरचीच असते.

बॉडी सडली तर मात्र उपाय महाग पडतो. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर खारी हवा पत्रा खाते. मॅटिंग उचलून फ्लोअर पाहा, दारांखालच्या पट्टीवर अंगठ्याने दाबा, बॅटरीच्या ट्रेखाली टॉर्च मारा. पत्रा कुरकुरीत लागला, पापुद्रे सुटले, तर पासिंगचा खर्च वसूल होणार नाही. इंजिन, गिअरबॉक्स ठीक आणि बॉडी गेलेली, अशी गाडीच सुट्या भागांसाठी खरी लायक.

पुरात बुडालेल्या गाडीचं गणित वेगळं. चिपळूणच्या 2021 च्या पुरासारखं पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सीट आणि एअरबॅग यांना किंमत धरू नका. काचा, दारं, रिम, हेडलाइट एवढंच हाताशी राहतं.

पायरी 3: एकाच आठवड्यात तीन भाव घ्या

पहिला भाव आहे तशा अख्ख्या गाडीचा: जुन्या गाड्यांचे दोन डीलर आणि तुमचा नेहमीचा फिटर. दुसरा नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्राचा, किलोवर. तिसरा सुट्या भागांचा. हा तिसरा ऑनलाइन जाहिरातींवरून धरू नका. दोन-तीन गॅरेजांत जाऊन सरळ विचारा, "यातलं काय घ्याल, आणि रोख किती द्याल?" जे कोणी मागितलं नाही त्याची किंमत शून्य.

नमुन्यादाखल मांडून पाहू. गाडी 850 किलोची, केंद्राचा भाव समजा 25 रुपये किलो, म्हणजे 21,250. अख्ख्या गाडीचे 35,000 येतायत. सुट्या भागांची बेरीज 60,000. पण पहिल्या दोन महिन्यांत त्यातले निम्मेच विकले गेले तर हातात 30,000. उरलेला सांगाडा 500 किलोचा, त्याचे 12,500. यातून फिटरची मजुरी आणि टोइंग मिळून 10,000 वजा करा. उरले 32,500, आणि बाल्कनीत दोन दारं आणि एक एसीचा कॉम्प्रेसर. माझं मत स्पष्ट आहे: सुट्या भागांचा भाव अख्ख्या गाडीच्या दुपटीहून जास्त येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी 4: मधला मार्ग वापरा

काही वस्तूंचे पैसे अख्खी गाडी घेणारा देतच नाही. म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील, कॅरिअर, फॉग लॅम्प, सहा महिन्यांपूर्वीची बॅटरी. भाव ठरवण्याआधी या काढा, साध्या रिम आणि चालती बॅटरी बसवा, मगच गाडी दाखवा. टायर विकायचे असतील तर बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा: 2322 म्हणजे 2022 चा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरला कोणी पैसे देत नाही.

तीन गोष्टींना घरी हात लावू नका. एअरबॅगमध्ये स्फोटक चार्ज असतो. एसीचा गॅस मशीननेच काढायचा असतो, हवेत सोडायचा नसतो. आणि सायलेन्सर. "आधी तेवढा सायलेन्सर द्या," असं भंगारवाला म्हणतो, कारण त्याच्यासोबतच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. सायलेन्सर गेला की बाकी गाडीचा भाव पडतो. स्क्रॅपिंग केंद्रालाही आधीच विचारा, काय काढलेलं चालेल आणि त्याने भाव किती कमी होईल.

पायरी 5: कागदावरून तुमचं नाव उतरवा

या पायरीवर अजिबात ढिलाई नको. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक: अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाडी चार हात फिरली तरी नाव तुमचं असेल तर दावा तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून अख्खी विकताना फॉर्म 29 (विक्रीची सूचना) आणि 30 (नाव बदलण्याचा अर्ज) वर कोऱ्या सह्या देऊन मोकळे होऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ भरा, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि 29 ची सूचना आरटीओकडे स्वतः नोंदवा. अधिकृत डीलरला देत असाल तर फॉर्म 29सी (गाडी डीलरकडे दिल्याची सूचना) भरला जातोय ना, ते पाहा. गाडी त्याच्या ताब्यात असताना जबाबदारी त्याची राहते.

गल्लीतल्या कटिंगवाल्याला सांगाडा आणि सोबत आरसी तर कधीच देऊ नका. त्या कागदांवर आणि चासी नंबरवर चोरीची गाडी उभी केली जाते, आणि पोलीस तुमच्या दारात येतात. सुटे भाग विकल्यावरही सांगाडा नोंदणीकृत केंद्रातच जमा करा. आयुष्य संपलेली गाडी तिथे जमा करणं, हे 1 एप्रिल 2025 पासूनच्या नियमांनुसार मालकाचं कर्तव्यच आहे.

स्क्रॅपिंग केंद्राकडून दोन कागद घ्या: गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र आणि ती मोडल्याचं प्रमाणपत्र. पहिल्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सवलत मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीसाठी ती 25 टक्क्यांपर्यंत आहे, आपल्या राज्यातला चालू दर आरटीओत विचारा. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं, म्हणून स्क्रॅपचा भाव जोखताना तेही धरा.

नाव उतरल्याची किंवा नोंदणी रद्द झाल्याची नोंद परिवहनच्या संकेतस्थळावर दिसली की विमा कंपनीला कळवा. उरलेल्या मुदतीच्या परताव्याबद्दल विचारा आणि नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचं) पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि पुढच्या गाडीच्या विम्यात त्याचे पैसे वाचतात.