गोळीची झोप: या चुका टाळा

“भाऊ, एकदम स्ट्राँग द्या, पण झोप नको यायला.” ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की परभणीकडच्या आमच्या मेडिकलवर दिवसभर हेच ऐकतो. भुशाच्या धुळीनं शिंका, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. मागणी रास्त आहे. अडचण अशी की हीच माणसं पाकिटामागचं काही वाचत नाहीत.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. शिंका थांबवतं आणि झोपही आणतं. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये तेच किंवा त्याचंच भावंड. खाज-पित्ताच्या गोळ्याही बऱ्याचदा त्याच जातीच्या. नावं तीन, डबे तीन, पोटात गेल्यावर माल एकच.

एका हंगामात ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यानं हेच केलं. किराणा दुकानातून सर्दीची गोळी, दुपारी घरात पडून असलेलं सिरप, संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून शेजाऱ्याकडची गोळी. रात्रभर मळणी, पहाटे पोती भरून मोंढ्याकडं निघाला. वळणावर डोळा लागला आणि ट्रॉलीसकट नाल्यात. जीव वाचला, हात मोडला, अर्धी पोती भिजली. नंतर भावानं तिन्ही औषधं पिशवीत आणून दाखवली; झोप आणणारं औषध तिन्हींत होतं. आणि रात्रीच घेतलं होतं तर सकाळी उतरायला पाहिजे, हेही चूक. क्लोरफेनिरामाइनचं निम्मं औषध शरीरातून जायलाच वीसेक तास लागू शकतात.

म्हणून माझी सवय: कोणी सर्दीचं मागितलं की आधी “घरी काय चालू आहे?” विचारतो आणि झोप आणणाऱ्या गोळीच्या पट्टीवर मार्करनं चंद्रकोर काढतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती कळते. नवीन गोळीचा पहिला डोस कामाच्या दिवशी घेऊच नका. संध्याकाळी घरी घ्या, दुसऱ्या दिवशी डोकं कसं राहतं बघा, मग स्टीअरिंगला हात लावा.

शिंका-खाजेवरच्याच सेटिरिझिननं झोप येत नाही म्हणतात, काहींना चांगली येते. त्याच कामाचं फेक्सोफेनाडीन त्या मानानं बरंच हलकं, पण पाण्यासोबतच घ्या. संत्र्या-सफरचंदाच्या रसानं ते अंगात कमी उतरतं, तेव्हा मोसंबीचा ज्यूसही थोडा वेळ बाजूला ठेवा.

चहानं झोप मोडत नाही. डोळे उघडे राहतात, हात-पाय मात्र मागंच असतात.

आता दुसरी चूक, जिच्यामुळं मला खरंच धडकी भरते. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला सुस्ती आली की घरचे म्हणतात, “गोळीचं आहे, झोपू द्या.” पायांच्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर खरंच तेच असू शकतं. पण सोबत साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड चालू असेल आणि एकादशीचा उपवास धरला असेल, तर साखर उतरलेली असू शकते. घाम, थरथर, बोलण्यात गडबड दिसली तर झोपवू नका, ग्लुकोमीटर काढा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर नसेल तर शोधत बसू नका, साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. ग्लिमेपिराइडनं साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच.

अमिट्रिप्टिलिन सकाळी घेऊन दिवसभर पेंगणारे बरेच भेटतात. ते रात्रीच लिहून दिलेलं असतं, चिठ्ठी बघा. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

दारू आणि यातली कुठलीही गोळी एकत्र नकोच. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल किंवा झोप-घबराटीवरची अल्प्राझोलाम यांच्यासोबत तर श्वासच मंदावू शकतो.

सुस्ती येते म्हणून क्लोनाझेपाम (अल्प्राझोलामच्याच जातीची गोळी) किंवा प्रीगॅबालिन एका रात्रीत बंद करणारे घाईबाज वेगळेच. महिनोन्‌महिने घेतलेलं असं अचानक सोडलं की झटकेही येऊ शकतात. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात, ब्लेडनं गोळी अर्धी कापायचा उद्योग घरी करू नका.

आणि लेकरू रात्री रडतं, प्रवासात झोपावं, म्हणून सर्दीचं सिरप मागायला येणारे आई-बाप. मी देत नाही. भांडा खुशाल.