चीजबरोबर गोड वाइन, तीही खिशाला परवडणारी

सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरून शेजारी जिलेबी घेणाऱ्या इंदूरकराला खारट-गोडाची जोडी समजावून सांगायला नको. चीजबरोबर गोड वाइन घेतात ती याच न्यायाने. चीजमधल्या मिठाने वाइनचा गोडवा खुलतो आणि वाइनच्या आंबटपणाने चीजचा तुपकटपणा जिभेवरून निघून जातो. घोडं अडतं ते पैशांपाशी. फ्रान्समध्ये रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजबरोबर सोटर्न वाइन घेतात, इंग्लंडात स्टिल्टन या चीजबरोबर पोर्ट ही गोड वाइन. या दोन्हींच्या किमती पाहून बरेच जण दुकानातूनच परत फिरतात.

परत फिरण्याआधी एक हिशेब करा. गोड वाइन पेलाभर प्यायची नसते. माणशी ६० मिली पुरते, जेवणानंतरच्या बासुंदीच्या वाटीसारखी. ही वाइन बहुतेक ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीत येते, म्हणजे सहा जणांचं सहज भागतं. बाटली ९०० रुपयांना पडली असं धरा, तर माणशी दीडशे झाले. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत चौघं गेलात तर याहून जास्त उडवता.

आता दुकानात काय मागायचं? लेबलवर ‘लेट हार्वेस्ट’ हे दोन शब्द शोधा. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. काही घड मुद्दाम वेलीवरच आणखी राहू देतात. मण्यांमधलं पाणी आटतं, साखर दाट होते, आणि पुढे सगळ्या साखरेचं अल्कोहोल व्हायच्या आत आंबवणं थांबवतात. उरलेली साखर हाच तिचा गोडवा. सुला, यॉर्क, रेव्हेलो या नाशिक भागातल्या वायनरींनी शेनिन ब्लांक द्राक्षाची अशी वाइन काढलेली आहे. शेनिनमध्ये आंबटपणा टिकून राहतो, म्हणून ती काकवीसारखी चिकट लागत नाही. चीजसाठी मी डोळे मिटून हीच घेईन.

नाशिक आपल्याच आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे, तेव्हा येताना डिकीत चार बाटल्या टाकाव्यात असा मोह होतो. तो टाळा. प्रत्येक राज्याची आबकारी वेगळी, आणि राज्याच्या सीमेवरच्या बिजासन घाटात गाडी तपासली गेली तर स्वस्ताई महागात पडेल.

दुसरा घोटाळा ‘पोर्ट’ या शब्दाचा. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली. आंबवणं चालू असतानाच तिच्यात द्राक्षाचा मद्यार्क घालतात, त्यामुळे अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्याकडे त्याच नावाने जी स्वस्त लाल बाटली मिळते, ती बहुतेक वेळा नुसती गोड केलेली वाइन असते. वाईट नाही ती. थंड करून खारट चीजबरोबर चालून जाते. फक्त तिच्याकडून पोर्टची अपेक्षा करू नका. परदेशीच हवी असेल तर सोटर्नऐवजी शेजारच्याच भागातली मोंबाझियाक किंवा लुपियाक शोधा, आणि महागड्या व्हिंटेज पोर्टऐवजी साधी रुबी पोर्ट.

बाटली निवडताना मी एकदा चांगलाच फसलो आहे. मे महिना, दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली बाटली, आणि वर थोडी सूटही. घरी उघडली तर रंग चहासारखा आणि चव जळक्या गुळाची. आत्या तेवढ्यात म्हणाली, “अरे, हा तर गुळाचा काढा रे!” पाहुण्यांसमोर काय बोलणार? तेव्हापासून बाटली आतल्या, थंड जागेतली मागतो. उजेडात धरून पाहतो: सोनेरी हवी, तपकिरी नको. बूच वर आलेलं असेल किंवा मानेशी ओघळ दिसला तर तिथेच परत करतो.

चीजवरही फार खर्च नको. रोजच्या प्रक्रिया केलेल्या चौकोनी चीजची चव एकसुरी असते, वाइनला ते साथ देत नाही. अमूलचं गौडा घ्या, २०० ग्रॅम. जमलं तर निळ्या बुरशीच्या चीजचा १०० ग्रॅमचा तुकडा घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. ते इतकं खारट आणि उग्र असतं की नखाएवढा तुकडा आणि एक घोट, एवढंच पुरतं. पहिल्यांदा नाक मुरडणारे दुसऱ्यांदा स्वतःहून हात पुढे करतात.

सोबत साधा खाकरा, चार अक्रोड, अंजिराचे तुकडे. लौंग शेव मात्र डब्यातच राहू द्या. लवंगेने जीभ बधिर झाली की वाइन कळतच नाही. गुलाबजामही नको. ताटातलं गोड वाइनपेक्षा जास्त गोड झालं की वाइन आंबट लागू लागते.

वाइन दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. चीज उलट अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार चीजला चव नसते. इंदूरच्या उन्हाळ्यात मात्र पंधरा मिनिटंच, नाहीतर ते तूप सोडायला लागतं. वेगळे पेले नसले तरी अडत नाही. खाली फुगीर आणि वर निमुळता असा कुठलाही छोटा काचेचा पेला चालतो.

उरली तर बूच घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. साखरेमुळे आठवडाभर तरी चांगली राहते. आमच्याकडे ती दुधाच्या पातेल्यामागे असते, आणि बुधवारपर्यंत कोणीतरी संपवलेली असते.