कॅनडातील जोडीदाराचे प्रायोजकत्व : अर्ज आतून की बाहेरून?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या पत्नीच्या कायम वास्तव्यासाठी कॅनडातील पतीने प्रायोजक म्हणून अर्ज करायचा असेल, तर तो परदेशस्थ जोडीदाराच्या वर्गातूनच करणे इष्ट. कारण देशांतर्गत वर्गासाठी दोघांनी कॅनडात एकत्र राहणे आवश्यक असते. पत्नी तेथे पोहोचली असली तरी माझा कल परदेशस्थ वर्गाच्याच मार्गाकडे राहील, कारण तो अर्ज नाकारला गेल्यास प्रायोजकाला सहसा इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते, तर देशांतर्गत अर्जदाराला ती सोय नसून फेडरल कोर्टाकडून न्यायिक पुनर्विलोकनाची (निर्णय कायद्याला धरून होता का, याच्या तपासणीची) परवानगी मागावी लागते. वडोदऱ्याचा विवाह नोंदणी दाखला गुजरातीत असल्यास इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावे. ते मात्र घरातल्या कोणी, अगदी वकील असलेल्या काकांनीही, केलेले चालत नाही.