भाऊ रागाने बेभान होतो तेव्हा या चुका टाळा

आमची लालबागच्या चाळीतली एकच खोली. धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. एकदा चार्जर सापडेना, एवढ्यावरून त्याने भरलेला डबा मोरीच्या भिंतीवर आपटला. आमटी पार ओट्यापर्यंत उडाली. मी ओरडले, "ही काय वागायची रीत झाली?" तिथेच माझं चुकलं.

भडका उडालेला असताना समजवायला जाऊ नका. त्या वेळी सांगितलेलं डोक्यात शिरतच नाही. या वयात भावना उसळतात जोरात, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. "शांत हो" म्हटलं तरी तो आणखी पेटतो. आता मी आवाज खाली आणून एवढंच म्हणते, "मी इथेच आहे, नंतर बोलू." मग गप्प बसते. ते फार जड जातं.

दुसरी चूक वाट अडवण्याची. शेजारी बघतील म्हणून आई दार लावायची आणि मी कडी धरून उभी राहायची. एका खोलीत कोंडलेल्या पोराने जायचं कुठे? मग धक्काबुक्की व्हायची. शेवटी तो शांत असताना आम्ही ठरवलं: डोकं तापलं की चप्पल घालून त्याने गॅलरीच्या टोकाला जायचं, कुणी अडवायचं नाही. वीस मिनिटांनी मी पाण्याची बाटली घेऊन जाते, प्रश्न विचारत नाही. मात्र जीव देण्याची भाषा तोंडात आली, तर क्षणभरही एकटं सोडू नका. ती धमकी समजून दुर्लक्ष करू नका.

त्याचा व्हिडिओ काढू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर विषय नको. आणि घाबरून मागेल ते हातात देऊ नका. मोबाईल दहाला ठेवायचा म्हणजे दहालाच. डबा त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः घासला. पोचा अजून तसाच आहे.

आम्ही सगळ्यात उशिरा केलेली गोष्ट म्हणजे नोंद. दोन आठवडे वहीच्या मागच्या पानावर मी वेळ लिहिली. बहुतेक भडके क्लासवरून आल्यावर, जेवायच्या आधी! पोटात दुपारपासून काही नाही आणि झोप जेमतेम साडेपाच तास. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. आता तो दारात आला की आधी पोह्यांची बशी, "टेस्ट कशी गेली?" नंतर.

एवढं करूनही भडके वाढत असतील, तो हात उचलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा शाळा बुडत असेल, तर "स्वभावच तापट" म्हणून सोडू नका. किशोरवयात नैराश्य आणि चिंता पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसतात. बाबा "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून अडून बसले होते, त्यात आमचे सहा महिने गेले. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे नेताना कुठे चाललोय ते त्याला आधी सांगा, फसवून नेऊ नका. आणि ती वही सोबत ठेवा. किती वेळा, किती वेळ, आधी काय घडलं होतं, हे तिथे विचारतातच.