पूर्ण कवळी बसवण्यापूर्वी जबड्याचा एक्स-रे

सगळे दात गेले, हिरड्याही भरून आल्या, मग आता एक्स-रे कशाचा काढायचा, असे पुष्कळांना वाटते. परंतु कवळी हिरडीवर टेकत असली तरी चावण्याचा भार शेवटी खालच्या हाडावर जातो आणि त्या हाडात काय दडले आहे, हे हिरडीवरून बोट फिरवून पुरते कळत नाही. म्हणून तोंडाची तपासणी झाल्यावर, माप देण्याआधी, एक्स-रेची गरज आहे का हे दंतवैद्यांना स्वतःहून विचारावे. केवळ रीत म्हणून तो काढू नये. मात्र पूर्वी दात काढताना तुटला असेल, हिरडीतून पू येत असेल किंवा एखादी जागा फुगलेली वा दुखरी असेल, तर तो टाळणे मला योग्य वाटत नाही.

बहुधा दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा ओपीजी काढतात. त्या वेळी जुनी कवळी, चष्मा, कानांतले आणि गळ्यातले दागिने काढून ठेवावेत, जीभ टाळूला टेकवावी आणि यंत्र डोक्याभोवती फिरून थांबेपर्यंत हलू नये. त्यातील किरणांची मात्रा निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळतेच, साधारण तेवढी असते. तरीही गर्भवती स्त्रीने तसे आधी सांगावे.

चित्रात सर्वांत जास्त वेळा सापडतो तो मुळाचा राहून गेलेला तुकडा. क्वचित न उगवलेला सुळा किंवा अक्कलदाढ दिसते. असे सापडले की लगेच काढायलाच हवे, असे नाही. तुकडा हाडात खोल असेल आणि त्याच्याभोवती विकाराची काळी छटा नसेल, तर तो तसाच ठेवून त्यावर लक्ष ठेवता येते. तो हिरडीलगत असेल, तर आधी काढलेला बरा, कारण कवळीखाली हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, तुकडा वर येतो, तिथे जखम होते आणि तो काढल्यावर नीट बसलेली कवळीही पुन्हा जुळवून घ्यावी लागते. हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे चालू असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी ते अवश्य सांगावे, कारण त्यांपैकी काही औषधांमुळे जबड्याची जखम भरणे अवघड होऊ शकते. जखम भरल्यानंतरच माप द्यावे.

खालचा जबडा फार झिजला असेल, तर ओठाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे छिद्र हाडाच्या कडेवर आलेले दिसते. तिथे कवळी दाबली की कळ येते किंवा ओठ बधिर होतो. हे आधी कळले, तर कवळीला त्या जागी आतून मोकळीक ठेवता येते. एक्स-रेची प्रत जपून ठेवावी, म्हणजे पुढे कवळी सैल झाल्यास हाड किती झिजले, हे ताडून पाहता येते.