रोजच्या जेवणासोबत वाईन जमवायची कशी? आधी ताट चाखा

वाईन आणि जेवण जमवायचं म्हटलं की बहुतेक जण 'मासा असेल तर व्हाईट, मटण असेल तर रेड' एवढं पाठ करतात आणि मोकळे होतात. नियम अगदीच चुकीचा नाहीये, पण घरच्या जेवणात तो लगेच तोकडा पडतो, कारण तेच चिकन एक दिवस क्रीममध्ये असतं, एक दिवस टोमॅटोत आणि एक दिवस भरपूर मिरची घालून, आणि या तिघांना एकच वाईन चालत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, ताटात मांस कुठलं आणि भाजी कुठली हे नंतर बघा, आधी त्यात मीठ, आंबट, तिखट आणि गोड किती आहे ते बघा.

नुसतं सांगून हे पटत नाही, एकदा करूनच बघा. जरा दमदार अशी ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड घ्या, कॅबरने सोव्हिन्यॉं किंवा शिराझ चालेल. एक घोट घ्या आणि तोंडात चार-पाच सेकंद फिरवून गिळा. दातांवरून जीभ फिरवली की खरखरीत लागेल, गाल आतून आवळल्यासारखे होतील, कोरा कडक चहा प्यायल्यावर होतं अगदी तसंच. हे टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं, आपल्याकडे त्याला तुरट हा नेमका शब्द आहे. आता लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ टाकून चाटा आणि लगेच दुसरा घोट घ्या. तीच वाईन एकदम मऊ लागते, तुरटपणा मागे जातो, फळाची चव वर येते. मग थोडं पाणी पिऊन दोन मिनिटं थांबा, काहीतरी गोड खा, बिस्कीट किंवा चमचाभर साखरसुद्धा चालेल, आणि तिसरा घोट घ्या. आता तीच वाईन आंबट आणि कडवट लागेल, फळ कुठे गेलं कळणार नाही. बाटली तीच, ग्लास तोच, बदललं ते फक्त तोंड, आणि जोडी जमवण्याचं निम्मं काम इथेच कळून जातं.

म्हणजे ताटातलं मीठ आणि आंबट वाईनला मदत करतात, गोड आणि तिखट तिला त्रास देतात.

आंबटाचं एक पथ्य मात्र पाळायचं, वाईन जेवणापेक्षा कमी आंबट नको. टोमॅटोच्या ग्रेव्हीसोबत कमी आंबटाची रेड घेतली की ती पाणचट लागते, तिथे बार्बेरा किंवा सांजोव्हेजे सारखी मुळातच आंबटसर रेड छान बसते. लिंबू पिळलेला मासा, दह्यातलं काही, व्हिनेगरचं सॅलड असलं की सोव्हिन्यॉं ब्लॉं ही आंबटसर व्हाईट. तळलेल्या पदार्थांनाही हाच न्याय, तेलकट तोंड आंबटाने साफ होतं आणि बुडबुडे असतील तर अजूनच छान, साध्या खारट तळलेल्या बटाट्यांसोबत ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे गोड नसलेली बुडबुड्यांची वाईन, घेऊन बघा, मला तर त्याहून सोपी आणि पक्की जोडी अजून सापडलेली नाही.

तिखटाच्या बाबतीत मी स्वतः चांगलाच पोळलोय. पाहुणे यायचे होते, चिकन चांगलं झणझणीत केलं होतं आणि खास दिवस म्हणून घरातली सगळ्यात भारी रेड उघडली, साडेचौदा टक्के अल्कोहोलची. पहिल्या घासानंतरच सगळ्यांचे हात पाण्याकडे गेले, वाईन तशीच ग्लासात राहिली. मिरचीतल्या कॅप्सेसिनची आग अल्कोहोलने वाढते, त्यात टॅनिनचा तुरटपणा आला की जीभ अजून हुळहुळते. तेव्हापासून जेवण तिखट असलं की मी बाटलीवर आधी टक्का वाचतो, बाराच्या आत असेल तर बरं. रिसलिंग किंवा शेनिन ब्लॉं सारखी थोडीशी गोडसर व्हाईट, चांगली गार करून, इथे खरंच काम करते, आणि रेडच हवी असेल तर गामे सारखी हलकी, कमी टॅनिनची, तीही थोडी गार करूनच. 'मला गोड वाईन आवडत नाही' म्हणणाऱ्यांनी एवढा एक प्रयोग करावाच, कारण तिखटाबरोबर तो गोडवा गोड म्हणून जाणवतच नाही, आग तेवढी शांत होते.

दमदार रेड मग कधी? मटण, बीफ, जुनं चीज, म्हणजे जिथे प्रोटीन आणि चरबी आहे तिथे. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, मांस आणि मीठ सोबत असलं की ते तेवढं बोचत नाही. मशरूमसारख्या मांसल चवीच्या भाज्यांना मात्र फार तुरट रेड नको, उमामीमुळे, म्हणजे त्या मांसल चवीमुळेच, टॅनिन उलट कडवट लागतं, त्यांना पिनो न्वार सारखी हलकी रेड बरी.

मासा आणि रेड का जमत नाही याचंही कारण आहे. २००९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की वाईनमधलं लोह जितकं जास्त तितका सीफूडबरोबर तो नकोसा माशाळ वास मागे राहतो. लोहाचं प्रमाण प्रत्येक वाईनमध्ये वेगळं असतं, म्हणून एखादी रेड माशासोबत चालूनही जाते. पण आधी एक घास, एक घोट करून बघा आणि मगच ग्लास भरा.

चाखायची पद्धत साधी ठेवा. ग्लास एक तृतीयांशच भरा म्हणजे फिरवायला जागा राहते, फिरवा, नाक आत घालून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बाटली कॉर्कमुळे खराब झालीये, ती कशासोबतच जमणार नाही, संकोच न करता बदलून मागा. मग घोट, आणि स्वतःला चारच प्रश्न विचारा: तोंडाला पाणी किती सुटलं (आंबट), दात किती खरखरले (टॅनिन), घशात ऊब किती (अल्कोहोल), जिभेला गोड लागलं का. चेरी, तंबाखू, चामडं असले वास नाही ओळखता आले तरी जेवणाशी जोडी लावताना काही अडत नाही, हे चार कळले की पुरतं.

तापमानाकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि त्यानेच चांगल्या जोड्या बिघडतात. रेड १५ ते १८ अंशांना असावी, खोली गरम असेल तर ओतण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कोमट रेडमध्ये नुसतं अल्कोहोल नाकात जातं. व्हाईट ८ ते १२, म्हणजे फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढलेली, फार गार असली की चवच बंद होते.

आणि ऐन जेवणाच्या वेळी जोडी फसलीच तर बाटली बदलायची घाई नको. वाईन तुरट किंवा आंबट लागतेय? जेवणात किंचित मीठ आणि लिंबाचे दोन-चार थेंब टाका, ढवळा, परत घास-घोट करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच निभावतं. पदार्थ गोडसर झाला असेल तर मात्र वाईनही तेवढीच गोड हवी, तिथे मीठ-लिंबाने भागत नाही.

७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, दोघांत ती एका रात्रीत संपवायची काही गरज नाही. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा, तीन दिवस आरामात टिकते. दुसऱ्या दिवशी वेगळ्या जेवणासोबत तीच बाटली परत चाखा आणि लेबलच्या फोटोखाली दोन शब्द लिहून ठेवा, 'टोमॅटोला चालली', 'तिखटाला नाही'.