चिमणीतला सल्फर डायऑक्साइड मोजताना या चुका टाळा

औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतला आकडा एकाएकी उतरला, तर कोळसा बदललाय असं धरून चालू नका. आधी सँपल लाइन, म्हणजे चिमणीतला वायू मोजणी यंत्राकडे नेणारी नळी, तपासा. या मोजणीतल्या बऱ्याचशा चुका आकडा कमीच दाखवतात, आणि चिमणीखालच्या गावांना तो धूर रोज घ्यावा लागतो.

पहिला चोर पाणी. सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो. प्रोबपासून (चिमणीत घातलेल्या, वायू खेचणाऱ्या दांड्यापासून) अ‍ॅनालायझरपर्यंतची (मोजणी यंत्रापर्यंतची) तापवलेली नळी एका जागी जरी गार पडली, तरी तिथे वाफेचं पाणी होतं आणि वायू त्यातच राहतो. मला एकदा हा दोष प्रोबच्या जोडाशी सापडला. दुरुस्तीनंतर वीतभर तुकड्यावर इन्सुलेशन परत गुंडाळलंच नव्हतं. जोड उघडला तर आत थेंब, लिटमस लावताच लाल. पॅनेलवर मात्र लाइनचं तापमान व्यवस्थित दिसत होतं.

कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा वायू देऊन यंत्र तपासताना, हे कळलं नाही, कारण सिलिंडरचा वायू थेट अ‍ॅनालायझरला दिला जात होता. तो प्रोबकडून सोडा. आकडा रेंगाळत वर चढला, तर नळीत पाणी आहे असं समजा.

दुसरी मोठी चूक ऑक्सिजनची. कोळशाच्या संचांचा आकडा साधारणपणे कोरड्या वायूतल्या ६ टक्के ऑक्सिजनवर आणतात: मोजलेला आकडा गुणिले १५, भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). ९ टक्के ऑक्सिजनला घनमीटरमागे ११०० मिलिग्रॅम मिळाले, तर खरा आकडा १३७५. पण ऑक्सिजन त्याच नमुन्यातून मोजलेला हवा. बॉयलरकडच्या प्रोबचा घेतलात, तर सँपल लाइनमधून आत शिरलेली हवा हिशेबात येतच नाही आणि आकडा पातळच राहतो.

पीपीएमवरून (दहा लाख भागांत किती भाग, यावरून) घनमीटरमागचे मिलिग्रॅम काढताना ० अंशाला २.८६ ने गुणतात, २५ अंशाला २.६२ ने. कोणता गुणक घेतला ते नोंदवहीत लिहा.

हाताने नमुना घेणाऱ्यांसाठी एक. पहिल्या इम्पिंजरमध्ये (वायू द्रावणातून बुडबुडत नेणाऱ्या बाटलीत) आयसोप्रोपेनॉल, पुढच्या दोनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. नमुना झाला की घाईने जोडणी सोडवू नका. बर्फ काढा आणि १५ मिनिटं स्वच्छ हवा खेचा. आयसोप्रोपेनॉलमध्ये अडकलेला सल्फर डायऑक्साइड तेव्हाच पुढे पेरॉक्साइडमध्ये जातो, नाहीतर टायट्रेशनला, म्हणजे द्रावणातलं प्रमाण मोजताना, तो मिळतच नाही.